पहिली परदेशी ऑफर: मोठा आकडा की वेळेवर येणारा पगार?

एका वाचकाचा बास्केटबॉलबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत जन्मलेला, वाढलेला पुतण्या. डिव्हिजन वन, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळाची सगळ्यांत वरची पातळी, तिथल्या एका मध्यम विद्यापीठाकडून चार वर्षं पॉइंट गार्ड (चेंडू हाताळून चाल रचणारा) म्हणून खेळला, शेवटच्या वर्षी सरासरी १४ पॉइंट. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, नाव आलं नाही. आता एजंटने दोन ऑफर आणल्या आहेत. एक जर्मनीच्या दुसऱ्या डिव्हिजनची, म्हणजे प्रोएची. दुसरी पूर्व युरोपातल्या एका देशाच्या पहिल्या डिव्हिजनची, आणि तिचा आकडा जवळजवळ दुप्पट. घरच्यांना कळत नाही की हे करिअर आहे की दोन वर्षांची हौस, आणि यातलं घ्यावं काय. पासपोर्टचा यात काय संबंध, हेही विचारलं आहे.

मी जर्मनीत राहतो. खेळाडूंचे करार वाचणं, क्लबांशी घासाघीस करणं आणि थकलेल्या पगारासाठी पाठपुरावा करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे निकाल आधी सांगतो, कारणं मागून: प्रोएची ऑफर घ्या. दुप्पट आकड्याचा मोह सोडा.

एनबीएत ३० संघ आहेत, प्रत्येकात १५ नियमित जागा आणि ३ टू-वे करार (थोडं एनबीएत, थोडं तिच्या खालच्या लीगमध्ये खेळायचे). झाले ५४० लोक, आणि त्यात सर्बियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे सगळे आले. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं आहेत. दर वर्षी हजारावर मुलं तिथून बाहेर पडतात आणि ड्राफ्टमध्ये जेमतेम साठेक नावं पुकारली जातात. राहिली जी लीग, म्हणजे एनबीएचीच खालची, खेळाडू तयार करणारी लीग. २०२४-२५ मध्ये तिथला ठरीव पगार मोसमाला ४३,००० डॉलर होता, कर कापायच्या आधीचा. एनबीएवाल्यांच्या डोळ्यांसमोर राहता येतं हा तिचा एकमेव मोठा फायदा. पण वरच्या संघाने पाठवलेल्या मुलांना आधी खेळवावं लागतं, आणि मध्यम कॉलेजातून आलेला गार्ड बाकावर बसून राहतो. त्याचा व्हिडिओच तयार होत नाही. या धंद्यात व्हिडिओ नाही म्हणजे तुम्ही नाहीच.

म्हणून लोक बाहेर जातात, आणि ही वाट नवी नाही. बिल ब्रॅडली पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला. १९६५-६६ मध्ये तो ऑक्सफर्डला शिकता शिकता मिलानकडून खेळला आणि युरोपियन चषक जिंकून गेला. कोबी ब्रायंटचं बालपण इटलीत गेलं, ते बाप जो ब्रायंट १९८४ पासून १९९१ पर्यंत तिथल्या क्लबांतून खेळत होता म्हणून.

तुमच्या पुतण्याने मात्र या नावांपेक्षा काइल हाइन्सकडे बघावं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोच्या विद्यापीठाचा हा मुलगा. उंची ६ फूट ६ इंच आणि जागा सेंटरची, जिथे याहून बराच उंच माणूस लागतो, त्यामुळे एनबीएने ढुंकूनही पाहिलं नाही. २००८ मध्ये तो इटलीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये वेरोली नावाच्या लहानशा गावात गेला. तिथून जर्मनीत बामबर्ग, मग ग्रीसचा ऑलिम्पियाकोस, मग मॉस्कोचा सीएसकेए, शेवटी मिलान. युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यांत वरची स्पर्धा, चार वेळा जिंकली: २०१२, २०१३, २०१६, २०१९. निवृत्त झाला २०२४ मध्ये, आणि एनबीएत एक मिनिटही न खेळता. त्याचा प्रवास बघा: सुरुवात दुसऱ्या डिव्हिजनने, पण अशा ठिकाणी जिथे त्याला भरपूर खेळायला मिळालं. मग एक पायरी, मग आणखी एक. माइक जेम्सचंही तसंच. २०१२ मध्ये ड्राफ्टमध्ये नाव नाही, सुरुवात क्रोएशियात, मग इटलीच्या खालच्या डिव्हिजनमध्ये. आज युरोलीगच्या इतिहासात सगळ्यांत जास्त पॉइंट त्याच्या नावावर आहेत आणि २०२४ चा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

घरी परतलेलेही आहेत. पी. जे. टकर २००६ च्या ड्राफ्टमध्ये ३५ वा होता. टोरांटोने वर्षभरात सोडून दिला. मग इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असा फिरला. २०१२ मध्ये बामबर्गला जर्मनीचं विजेतेपद मिळवून दिल्यावर फिनिक्सने बोलावलं, आणि २०२१ मध्ये मिलवॉकीकडून एनबीएचा चषक हातात आला. पण हे उदाहरण घरच्यांनी मुलासमोर रोज काढू नये. बाहेर जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत एनबीएत येत नाहीत. परत यायचंच या हिशेबाने जो जातो तो डिसेंबरात खचतो, असा माझा अनुभव आहे.

आता पैसा. वर युरोलीगमधल्या बड्या अमेरिकन खेळाडूंना वर्षाला दहा लाख युरोंच्या वर मिळतात, काहींना त्याच्या कितीतरी पट. तिथून उतार फार तीव्र आहे. मधल्या लीगांत चांगल्या गार्डला महिन्याला काही हजार युरो, आणि तळाच्या लीगांत हजार-दीड हजार डॉलरवरही पोरं खेळतात. यात घर, गाडी आणि येण्या-जाण्याचं तिकीट क्लबचं असतं, त्यामुळे हातात आलेले पैसे बरेचसे शिल्लक पडतात. पगार साधारण दहा हप्त्यांत. उन्हाळ्याचे दोन महिने बिनपगारी, हे घर चालवणाऱ्याने लक्षात ठेवावं. आणि एनबीएत तीन वर्षं काढली की पेन्शनचा हक्क लागतो, तसलं इथे काही नाही.

जवळपास सगळे करार एका मोसमाचे असतात, हे यातलं सगळ्यांत महत्त्वाचं. म्हणजे दर जूनमध्ये नव्याने नोकरी शोधायची. तेव्हा समोरचा क्लब तीन गोष्टी बघतो: गेल्या वर्षी किती मिनिटं खेळला, कुठल्या लीगमध्ये, आणि मोसम पूर्ण केला का. मधेच कापला गेलेला खेळाडू का कापला गेला याची चौकशी कोणी करत नाही. पुढचं नाव बघतात.

आणि कापले जातात आधी परदेशी. हे नियमांतूनच येतं. जर्मनीच्या बुंडेसलीगामध्ये, म्हणजे तिथल्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, बारा जणांच्या संघात किमान सहा जर्मन लागतात. इटलीत पाच परदेशी आणि पाच इटालियन, किंवा सहा-सहा. जपानच्या बी.लीगमध्ये एका वेळी मैदानावर दोनच परदेशी, म्हणून तिथे उंच माणसांना मागणी. सहा फुटी गार्डने जपानच्या नादी लागू नये. फिलिपाइन्सच्या पीबीएत संघाला एकच परदेशी, आणि काही स्पर्धांत त्याच्या उंचीला कमाल मर्यादा. तिथे मोठमोठे खेळाडू उंची मोजून घेताना अंग चोरून उभे राहतात म्हणतात, त्यात नवल नाही. जागा मोजक्या, म्हणून परदेशी महाग. आणि महाग म्हणून पराभवाचं खापर त्याच्याच डोक्यावर. युरोपात शेवटचे संघ खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलले जातात. त्या भीतीने जानेवारीत तळाचे क्लब पहिल्यांदा अमेरिकन गार्ड बदलतात. प्रशिक्षकाची नोकरी त्यावर वाचते.

खेळाबद्दल दोन शब्द, कारण कॉलेजातून आलेला गार्ड इथेच अडतो. तीन पॉइंटांची रेषा कॉलेजातही आता ६.७५ मीटर आहे, फीबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांतही तेवढीच. तिथे काही अडचण नाही. फरक घड्याळात आहे. कॉलेजात चाल पूर्ण करायला ३० सेकंद मिळतात, इथे २४, आणि आक्रमक रिबाउंड मिळाला, म्हणजे आपलाच हुकलेला चेंडू परत हाती आला, तर फक्त १४. त्यामुळे सगळं काही पिक अँड रोलवर चालतं, म्हणजे सहकारी राखणाऱ्याची वाट अडवतो आणि गार्ड त्याच्या आडोशाने पुढे जातो. समोरचा सेंटर पुढे आला, मागे राहिला की राखणाऱ्यांनी आपसांत माणूस बदलला, हे गार्डने एका ड्रिबलमध्ये ओळखून पास सोडायचा असतो. रिंगला लागलेला चेंडू इथे कोणीही ढकलू शकतो, कॉलेजात ते चालत नाही. पहिल्या महिन्यात अमेरिकन पोरं हात वर न करता बघत राहतात आणि प्रशिक्षक ओरडतो. ऑगस्टमध्ये दिवसातून दोनदा सराव, नंतर आठवड्याला एक सामना. एका सामन्यासाठी सहा दिवस तयारी, हे अमेरिकेतून आलेल्याला जड जातं. एक वाईट रात्र धुऊन काढायला दुसरा सामना परवा नसतो.

प्रोएच्या बाजूने माझं मत याच सगळ्यामुळे आहे. तिथे अमेरिकन गार्डच्या हातात चेंडू देतात, म्हणजे मिनिटं मिळतील. बुंडेसलीगाचे लोक ती लीग बारकाईने बघतात. आणि जर्मनीत क्लबांना दर वर्षी परवान्यासाठी हिशेब दाखवावे लागतात. पैसे नसतील तर परवाना नाही. त्यामुळे पगार महिन्याच्या महिन्याला पडतो. पूर्व युरोपात उत्तम क्लब नाहीत असं मुळीच नाही. पण पहिल्याच वर्षाच्या पोराला बाजारभावाच्या दुप्पट पैसे कबूल करणारा क्लब दिसला की माझी भुवई वर जाते. कबूल करायला काही लागत नाही.

कुठलाही करार आला तरी तो कसा वाचायचा ते सांगतो. आकडा शेवटी बघा.

आधी बघा करार लागू कधी होतो. ‘वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्यावर’ असं असतंच, त्यात गैर नाही. पण तपासणी पोचल्यापासून दोन-तीन दिवसांत झाली पाहिजे, आणि त्या मुदतीत क्लबने लेखी हरकत घेतली नाही तर खेळाडू उत्तीर्ण मानला जाईल, हे वाक्य हवं. आमच्याकडचा एक गार्ड असाच अडकला. करारात मुदत लिहिलेली नव्हती. पहिल्याच दिवशी एमआरआय काढला, कोणी काही बोललं नाही. सराव झाले, सरावाचे सामने झाले, त्यात संघ हरला. मग एका सकाळी क्लबच्या डॉक्टरला त्याच एमआरआयमध्ये गुडघ्याला काहीतरी दिसलं. संध्याकाळी दुसरा गार्ड विमानतळावर उतरला. आमच्या पोराला परतीचं तिकीट, एक महिन्याचा अर्धा पगार आणि वर ‘गुडघा खराब’ असा शिक्का. तो शिक्का पुसायला पुढचं अख्खं वर्ष गेलं.

मग बघा ‘गॅरंटीड’ हा शब्द आहे का, आणि दुखापत झाली किंवा खेळ पडला तरी पगार चालू राहील असं स्पष्ट लिहिलंय का. पगाराच्या तारखा दिवसानिशी हव्यात. हप्ता १५ दिवसांहून जास्त थकला तर सरावाला न जाण्याचा हक्क, आणि ३० दिवसांहून जास्त थकला तर करार मोडून उरलेला सगळा पगार मागण्याचा हक्क, अशी कलमं घालून घेतात. क्लब दिवस वाढवून मागतो. थोडं मागे-पुढे चालतं, पण कलमच नको म्हणाला तर उठून यायचं.

तिसरी गोष्ट घरच्यांना सहसा ठाऊक नसते. इंग्रजी करारावर सही झाल्यावर, गावात पोचल्यावर, क्लबचा माणूस स्थानिक भाषेतला एक छापील कागद पुढे करतो. म्हणतो, फेडरेशनची नोंदणी आहे, इथे सही कर. त्या कागदावर पगाराचा आकडा पुष्कळ कमी असू शकतो. काही ठिकाणी पगाराचे दोन तुकडे करतात: एक खेळाचा, दुसरा ‘इमेज राइट्स’चा आणि तो भलत्याच कंपनीच्या नावे. म्हणून मूळ करारातच लिहून घ्यायचं की पुढे कुठल्याही कागदावर सही झाली तरी हाच करार वरचढ राहील. सही करायच्या आधी फोटो काढून एजंटला पाठवायचा. विमानातून उतरलेला, झोप न झालेला पोरगा हे करत नाही. त्याला आत्ताच बजावून ठेवा.

वाद झाला तर कुठे जायचं? स्थानिक कोर्टात कधीच नाही. फीबाचा एक लवाद आहे, बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल, ज्याला सगळे बॅट म्हणतात. २००७ पासून चालू आहे, कायदेशीर ठिकाण जिनिव्हा. काम इंग्रजीत चालतं, निवाडा करायला एकच माणूस नेमतात आणि तो कुठल्या देशाच्या कायद्याची पोथी न उघडता न्याय्य काय ते बघून निकाल देतो. क्लबने निकाल मानला नाही तर फीबा त्याला नवे परदेशी खेळाडू नोंदवू देत नाही. ही बंदी क्लबांना चांगलीच झोंबते. पण करारात बॅटचं कलम असेल तरच तिथे दाद मागता येते, आणि अर्जाची फी व खर्चाची आगाऊ रक्कम खेळाडूला आधी भरावी लागते. एक पळवाट उरते: क्लबच बुडाला आणि दुसऱ्या नावाने उभा राहिला, तर जिंकलेला निकाल वसूल करताना नाकी नऊ येतात. ऑफर देणाऱ्या क्लबचं नाव बॅटच्या जुन्या निकालांत शोधा. निकाल इंटरनेटवर प्रसिद्ध होतात. दुप्पट आकडेवाल्या क्लबचं नाव तिथे दिसलं तर हा लेख पुढे वाचायची गरज नाही.

एजंटची फी युरोपात बहुतेक वेळा क्लब भरतो, साधारण १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे तुमच्या माणसाला पैसे समोरच्या पार्टीकडून मिळतात. यात बेइमानी असतेच असं नाही, पण मोठ्या आकड्याची ऑफर तो जास्त उत्साहाने का सांगतोय हे समजून घ्यावं. त्याच्याकडे फीबाचा परवाना आहे का, एवढं तरी तपासा.

कराचं प्रकरण भारतीय घरांत कोणीतरी सीए किंवा सीपीए असतो, त्यामुळे लवकर कळेल. अमेरिकन नागरिक जगात कुठेही कमावो, अमेरिकेत रिटर्न भरावंच लागतं. परदेशातल्या कमाईला सूट आहे, २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत. ड्रेसिंग रूममधली मंडळी सांगतात की ‘तेवढं माफ असतं’. अट कोणी सांगत नाही: सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर असायला हवं. जूनच्या सुरुवातीला घरी आलेला आणि १० ऑगस्टला परत गेलेला खेळाडू यात बसत नाही. दुसरा मार्ग तिथला रहिवासी म्हणून सिद्ध होण्याचा, त्याला पूर्ण कॅलेंडर वर्ष लागतं. एका मोसमाच्या पोराला तो बंद. उरतं तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट. आता गंमत अशी की करार ‘नेट’ असतो, म्हणजे कर क्लब भरतो, आणि भरल्याचा दाखला क्लबकडेच. क्लबने भरलेला करही अमेरिकेच्या लेखी खेळाडूचं उत्पन्नच. दाखला नसेल तर क्रेडिट नाही. म्हणून हा दाखला देणं क्लबवर बंधनकारक आहे असं करारात लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता मिळायच्या आधी तो हातात पाडून घ्या. परदेशातल्या खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते, तेही विसरू नये.

पासपोर्टबद्दल तुम्ही विचारलंच आहे. युरोपियन युनियनचा पासपोर्ट असलेल्या अमेरिकन खेळाडूचा भाव वाढतो, कारण बऱ्याच लीगांत तो परदेशी धरला जात नाही. युरोपियन न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालापासूनची ही गोष्ट. आजी-आजोबा आयर्लंडचे किंवा इटलीचे असले तर पोरं कागदपत्रं शोधत फिरतात. काहींना देशच पासपोर्ट देतो: न्यू ऑर्लीन्सचा बो मॅककॅलेब मॅसेडोनियाकडून खेळला आणि २०११ च्या युरोबास्केटमध्ये त्या चिमुकल्या देशाला चौथ्या स्थानावर नेलं; लोरेन्झो ब्राउनला स्पेनने नागरिकत्व दिलं आणि २०२२ मध्ये स्पेन युरोपचा विजेता झाला. आपल्या पोरांच्या ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) इथे उपयोग शून्य. त्यावर भारताच्या संघातूनही खेळता येत नाही. त्यासाठी भारताचा पासपोर्ट लागतो आणि अमेरिकेचा सोडावा लागतो. तो विचार पहिल्या वर्षी डोक्यात आणूच नका.

आणि जग शांत राहील हे गृहीत धरू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन आणि रशियातले अमेरिकन खेळाडू मिळेल त्या वाटेने बाहेर पडले. अमेरिकन महिला खेळाडू ब्रिटनी ग्रायनर त्याच महिन्यात मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. ती तिथे होती कारण महिला खेळाडूंना रशियन क्लब अमेरिकेतल्या महिलांच्या लीगच्या, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या, कितीतरी पट पैसे देत होते. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर मकाबी तेल अविवला युरोलीगचे घरचे सामने बेलग्रेडमध्ये खेळावे लागले. युद्ध झालं, लीग थांबली, तर उरलेल्या पगाराचं काय, याचं कलम आता आम्ही प्रत्येक करारात घालतो. कोविडच्या आधी ते पान कोणी वाचत नव्हतं.

राहणीमानाचं घरच्यांना वाटतं तेवढं नाही. जर्मनीच्या लहान गावात रविवारी दुकानं बंद, संध्याकाळी पाचला अंधार, आणि पोरगा शाकाहारी असेल तर प्रवासात पास्ता आणि पास्ताच. दुपारी दोन सरावांच्या मधे चार तास रिकामे असतात आणि तेच खातात. ज्यांनी ऑनलाइन एखादा अभ्यासक्रम लावून घेतला ती मुलं टिकलेली मी पाहिली आहेत. नाताळात सुट्टी मिळेल असं धरून तिकीट काढू नका. जर्मन लीगा तेव्हा भर जोरात असतात. आईवडिलांना जायचं असेल तर फेब्रुवारीतल्या राष्ट्रीय संघांच्या सामन्यांच्या सुट्टीत जावं, तेव्हा पोरगा मोकळा सापडेल.

एजंटला आज एवढंच लिहा: प्रोएच्या क्लबकडून पूर्ण करार मागव, फक्त ऑफरचं पान नको. तिथे गेल्या मोसमात गार्ड म्हणून खेळलेल्या अमेरिकन मुलाचा नंबर दे. त्या मुलाला पुतण्याने स्वतः फोन करावा आणि विचारावं की पगार कुठल्या तारखेला यायचा, आणि हरल्यावर प्रशिक्षक कसा वागायचा. जूनअखेरीपर्यंत सही केलेली बरी. जुलैमध्ये लास वेगासच्या समर लीगमधून निराश होऊन बाहेर पडलेले गार्ड बाजारात येतात आणि भाव पडतो.